घरी सांगू नकोस

फोर्टातल्या एका बँकेत मी तेवीस वर्षं काढली. व्ही. टी.ला उतरायचं, गर्दीच्या लोंढ्याबरोबर डी. एन. रोडच्या कमानींखाली शिरायचं आणि वेळेत मस्टरवर सही ठोकायची. त्या वाटेवर फ्रीमेसन लोकांचा हॉल लागतो. जातायेता त्यांचं चिन्ह नजरेला पडायचं, उघडलेला कंपास आणि त्याच्याखाली उलटा धरलेला काटकोन. बँकेतले लोक त्या हॉलबद्दल आवाज खाली आणून बोलत. आत म्हणे कवटी असते, नव्या माणसाचे डोळे बांधतात, आत गेलेला बाहेर येऊन अवाक्षर काढत नाही. मला मात्र तो काटकोन शाळेच्या कंपासपेटीतल्या गुण्यासारखा दिसायचा. एवढ्या मोठ्या गुपिताला भूमितीच्या तासाचं सामान कशाला, हे कोडं सुटत नसे.

ते सुटलं आमच्या घराच्या दुरुस्तीत. लातूरकडचे एक वयस्क गवंडी आले होते. त्यांनी पिशवीतून करणी काढली, लोखंडी गुण्या काढला, मग पितळी ओळंबा. ओळंब्याची दोरी लाकडी गुटक्यातून ओवलेली होती. गुटका भिंतीला टेकवून त्यांनी ओळंबा खाली सोडला आणि म्हणाले, "ताई, खिडकी लावा जरा. वारा लागतोय त्याला." मी खिडकी लावली. ओळंबा डावीउजवीकडे झुलत राहिला. ते बघत उभे. ना त्याला हात लावला, ना एक शब्द बोलले. तो थांबला तेव्हा भिंत कुठे पोटात आली आहे ते मला न सांगता दिसलं.

दुसऱ्या दिवशी हॉलवरून जाताना लक्षात आलं की हे गवंड्याच्या पिशवीतलं सामान आहे. आणि मेसन म्हणजे तरी दुसरं काय? गवंडी, पाथरवट.

तिथून मी त्या मंडळींच्या इतिहासाच्या मागे लागले आणि वाचता वाचता, मुंबईचाच हात धरून, भलत्याच ठिकाणी जाऊन पोचले. त्या ठिकाणाबद्दल मला बोलायचं आहे, पण वाट इथूनच जाते.

दगड घडवणारा कारागीर हा फिरता माणूस. आज या गावी चर्च, चार वर्षांनी दुसऱ्या गावी किल्ला. नव्या गावात गेल्यावर आपण शिकलेले कारागीर आहोत, नुसते ओझी वाहणारे नाही, हे सांगायचं कसं? दाखल्याचा कागद नव्हता आणि असता तरी वाचणार कोण? म्हणून एक परवलीचा शब्द, हात हातात घेण्याची एक पद्धत. ती ज्याला ठाऊक, त्याला त्या हातानं शिकवलेलं असणार. गुपित म्हणजे पोटापाण्याचा दाखला. स्कॉटलंडमध्ये विल्यम शॉ या राजाच्या बांधकाम अधिकाऱ्यानं १५९८ मध्ये या गवंड्यांच्या मंडळांना नियम घालून दिले आणि एडिंबराच्या मंडळाची इतिवृत्तं १५९९ पासूनची आहेत. पुढे या मंडळांत हातात कधी करणी न धरलेले जमीनदार, विद्वान, सरदार येऊ लागले. कामाची हत्यारं आचाराची चिन्हं झाली. ओळंबा म्हणजे सरळपणा, पाणसळ म्हणजे समता, गुण्या म्हणजे चोख वागणूक. २४ जून १७१७ ला लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या एका दारूगुत्त्यात चार मंडळांनी मिळून आपलं मोठं मंडळ काढलं, अशी त्यांची परंपरा सांगते.

मग गुपिताचं काय झालं? ते तर कधीच फुटलं. १७३० मध्येच लंडनमध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसानं त्यांचे विधी, प्रश्नोत्तरं, परवली, सगळं पुस्तिकेत छापून टाकलं. पुस्तिका धडाधड खपली. तरी मंडळं चालूच राहिली, उलट वाढली. हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा थबकले. सगळ्यांना कळलेलं गुपित जपत माणसं तीनशे वर्षं एकत्र येत असतील, तर त्यांना जपायचं होतं ते गुपित नव्हेच. दार लावल्यावर आत जे करता येतं आणि दार उघडं असताना करता येत नाही, ते त्यांना हवं होतं. सरदार आणि दुकानदार एका पंगतीला बसून एकमेकांना भाऊ म्हणतात, हे त्या काळच्या रस्त्यावर शक्य नव्हतं.

इल्युमिनाटीचं नाव हल्ली पोरासोरांच्या तोंडी असतं. जगाची सूत्रं हलवणारी अदृश्य मंडळी वगैरे. खरी हकिगत लहान आहे. बव्हेरियातल्या इंगोलश्टाट विद्यापीठातला आडाम वाइसहाउप्ट हा कायद्याचा प्राध्यापक. धर्मसत्तेच्या कचाट्यातून विचार मोकळा व्हावा म्हणून त्यानं १ मे १७७६ ला मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन मंडळ काढलं. टोपणनावं घेतली, त्याचं स्वतःचं स्पार्टाकस. दहा वर्षांत सरकारनं बंदी घातली, एका सभासदाच्या घरावर छापा घालून कागद जप्त केले आणि १७८७ मध्ये चक्क छापून प्रसिद्ध केले. मंडळ संपलं. त्याला मारलं त्याच्याच कागदांनी. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं, कारण पुढे मुंबईत पुन्हा तेच घडताना दिसणार होतं.

इंग्रजांबरोबर फ्रीमेसनही हिंदुस्थानात आले. आधी कलकत्ता, मग मुंबईत १७५८. उत्तरेत लोक त्यांच्या इमारतींना जादूघर म्हणत. विश्वबंधुत्वाच्या या घराचं दार मात्र इथल्या माणसाला बंद होतं. माणकजी खरशेदजी या पारशी गृहस्थांना इंग्रजांच्या मंडळात कुणी घेईना. ते विलायतेला गेले, तिथेही जमलं नाही, शेवटी पॅरिसच्या मंडळानं त्यांना भाऊ मानलं. मग जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं पुढाकार घेऊन १५ डिसेंबर १८४३ ला मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे मंडळ काढलं, खास इथल्या लोकांना घेण्यासाठी. पारशी आले, मुसलमान आले. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर. हिंदूंचं मात्र अडलं. यांचे देव अनेक, यांना जात. हे आपल्या पंगतीला बसून जेवणार कसे, असा आक्षेप. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि त्यांना प्रवेश मिळाला १८७२ मध्ये. नऊ वर्षं!

पंगत. मला वाटतं सगळं इथेच येऊन अडत होतं.

कारण त्याच १८४३ मध्ये, त्याच मुंबईत, श्रीपत शेषाद्री या लहान ब्राह्मण मुलाचं प्रकरण पेटलं होतं. त्याचा मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झाला. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला, त्यांचं अन्न जेवला. वडील कोर्टात गेले आणि मुलाला परत घेऊन आले. पण मुलगा घरी आला तरी जातीत आला नव्हता. बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्या म्हणून उभे राहिले, तर मुंबई-पुण्याच्या कर्मठांनी त्यांच्यावरच राळ उडवली. एका अजाण पोराच्या पोटात गेलेल्या चार घासांवरून पुरतं शहर तापलं होतं.

आणि त्याच वर्षी दादोबा पांडुरंग तर्खडकर 'धर्मविवेचन' लिहून काढत होते. दादोबा म्हणजे ज्यांचं व्याकरण आपल्या आजोबा-पणजोबांनी शाळेत घोकलं ते. ईश्वर एक आहे, मनुष्यजात एक आहे, प्रत्येकाला विचाराचं स्वातंत्र्य हवं, सगळ्यांना ज्ञान मिळायला हवं, अशी त्यांची तत्त्वं. त्यांनी हे लिहिलं आणि ठेवून दिलं. छापलं पंचवीस वर्षांनी, १८६८ मध्ये. तेही 'एक जगद्वासी आर्य' या नावानं. स्वतःचं नाव घातलं नाही. मराठी भाषेचे नियम ज्यानं सगळ्या महाराष्ट्राला शिकवले, त्याला मनुष्यजात एक आहे हे साधं वाक्य पंचवीस वर्षं पेटीत ठेवावं लागलं. मला हे वाचून दादोबांचा राग आला नाही. पोटात कालवलं.

१८४४ मध्ये सुरतेला असताना दुर्गाराम मेहताजी वगैरे मंडळींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. ती उघड होती आणि फार टिकली नाही. मुंबईला परतल्यावर १८४९ मध्ये दादोबांच्या भोवतीच्या मंडळींनी दुसरी सभा काढली. ही मात्र गुप्त. परमहंस सभा. कुणी परमहंस मंडळी म्हणतात. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. दादोबांचे धाकटे भाऊ डॉक्टर आत्माराम पांडुरंग तिच्यात होते, तुकाराम तात्या पडवळ होते, तरुण बाबा पदमनजी होते.

आपल्याकडे गुप्ततेची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे, हे इथेच सांगून टाकते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत लिहून ठेवले. मराठीतलं पहिल्या मानाचं गद्य शतकानुशतकं मराठी माणसालाच वाचता येत नव्हतं. ती लिपी बाहेरच्या अभ्यासकांना उलगडली थेट विसाव्या शतकात. वऱ्हाडातल्या मठांत पोथ्या होत्या, वाचणारे होते, फक्त कुंजी बाहेर गेली नव्हती. तिथे जपायचा होता तो शब्द. परमहंस सभेकडे जपण्यासारखा शब्द नव्हता. तिची मतं कलकत्त्याच्या ब्राह्मो मंडळींनी कधीच उघड मांडलेली होती. तिला जपायची होती एक कृती.

ती कृती अशी. नवा सभासद आला की त्यानं जातिभेद मानणार नाही म्हणून प्रतिज्ञा करायची. मराठीतून ईश्वराची प्रार्थना व्हायची. मग ख्रिस्ती माणसानं भाजलेला पावाचा तुकडा त्यानं खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं.

झालं. एवढंच. कवटी नाही, तलवार नाही, डोळ्यांवर पट्टी नाही. रहस्याच्या गाभाऱ्यात शिरावं आणि तिथे देवाच्या जागी पावाचा तुकडा असावा.

आजच्या वाचकाला हे समजवायचं तर मला माझ्या आजीला बोलवावं लागेल. आजी वेंगुर्ल्याकडची. तिनं जन्मात पाव खाल्ला नाही. बिस्किट चालायचं, नानकटाई चालायची, खारी तर ती मिटक्या मारत खायची. पाव नाही. का, म्हणून विचारलं की आधी म्हणायची, "ताडी घालतात बाय त्यात." आणि ते खोटं नव्हतं, गोव्याकडचे पदेर पीठ आंबवायला माडाची सुर घालत. दुसरं कारण ती जरा थांबून सांगायची. विहिरीची गोष्ट. फिरंग्यांनी म्हणे गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोकांनी नेहमीसारखं पाणी भरलं, प्यायले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव बाटलं. कोकण-गोव्यात ही गोष्ट घरोघर सांगतात. घडली असेल नसेल, ती ज्या भीतीतून आली ती भीती अगदी खरी होती. बाटायला मन बदलावं लागत नव्हतं. ओठ ओले झाले की पुरे.

आणि बाटलेल्याचं काय होत असे तेही आजीनं मला सांगितलं होतं. तिच्या लहानपणी तिच्या गावचं एक घर वाळीत टाकलेलं होतं. न्हावी त्या दारात जात नसे. भटजी जात नसे. विहिरीवर त्या घरच्या बाईनं आधी सगळ्यांचं होऊ द्यायचं, मग आपली घागर भरायची. त्यांच्या मुलीला स्थळ येईना. म्हातारा गेला तेव्हा खांदा द्यायला चौघं मिळाले नाहीत. दोन मुलांनी आणि दोन जावयांनी नेला, आणि एक जावई त्यासाठी रातोरात दुसऱ्या गावाहून चालत आला. हे सांगताना आजी तांदूळ निवडत होती. "आणि केलं काय होतं गं त्यांनी?" मी विचारलं. ती म्हणाली, "काय तरी खाल्लं कुणाकडे."

म्हणून परमहंस सभेला भित्री म्हणणारे लोक मला पटत नाहीत. इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत त्यांचा निकाल लावलेला असतो: लोकांना तोंड द्यायची हिंमत नव्हती म्हणून लपून बसले. नाशिकच्या मित्रमेळ्याबद्दल, १९०४ मध्ये त्याचीच अभिनव भारत झाली तिच्याबद्दल, असं कुणी बोलत नाही. तिथे समोर सरकार होतं, फास होता. फासाला भिऊन गुप्त राहणारा आपल्याला वीर वाटतो आणि शेजाऱ्याला भिऊन गुप्त राहणारा भ्याड. पण सरकार तुमच्या आईला पाणी भरू देत नाही असं होत नसे. शेजारी तसं करू शकत होता. पिढ्यान् पिढ्या करत होता. त्या भीतीच्या पोटात बसून ज्यानं तो तुकडा उचलला, जिभेवर ठेवला आणि गिळला, त्याच्या घशाला काय वाटलं असेल? लहानपणापासून ज्याच्या नुसत्या वासानं मळमळायला शिकवलं, तो घास तो. आम्हाला बेलभांडार उचलून शपथ घेणारे ठाऊक आहेत. त्यांची शपथ देवाला साक्षी ठेवून होती. इथे साक्षीला फक्त समोर बसलेली चार माणसं, आणि त्या प्रत्येकानं तो घास आधी खाल्लेला.

तरी एक गोष्ट मला खुपते आणि ती लपवावीशी वाटत नाही. सभेतून घरी गेल्यावर हेच लोक पुन्हा सोवळं नेसून पाटावर बसत असणार. पुरेसे लोक जमले की सगळ्यांनी मिळून उघड व्हायचं, असं मनात धरून वर्षं जात राहतात, आणि पुरेसे म्हणजे किती ते कधी ठरत नाही. बाबा पदमनजींना हे सोसलं नाही. १८५४ मध्ये बेळगावला त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला आणि जे व्हायचं ते भोगलं. ज्याच्यावर विश्वास आहे ते चारचौघांत म्हणता येत नसेल तर तो विश्वास कसला, हा त्यांचा टोचणारा प्रश्न रास्त होता. मला दोन्ही बाजू दिसतात आणि दोन्हींत माणसं दिसतात.

मग १८६० आलं. सभेचे कागद कुणीतरी चोरले. त्यांत सभासदांची यादी होती. ती बाहेर फुटली. आणि सभा मोडली. अकरा वर्षं चाललेली गोष्ट, एका कागदानं संपली. कल्पना करून पाहा, आपलं नाव त्या यादीत आहे हे सकाळी उठल्यावर कळणं. शेजारच्या खोलीत आई पूजेला बसली आहे, आणि तिच्यापर्यंत हे कधी पोचतं याची वाट बघत बसणं. बव्हेरियाच्या सरकारला छापा घालावा लागला होता. मुंबईत त्याचीही गरज पडली नाही.

यादीची ही ताकद पुढेही ओसरली नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी, आनंदीबाईंच्या यजमानांनी, हा बेत मुद्दाम जमवून आणला होता. तिथे हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली. चाळीसहून जास्त नावं आणि त्यांत टिळक, रानडे. कुणी चहा घेतला होता, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला होता. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा हा तंटा, शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली आणि शेवटी प्रायश्चित्तं झाली. मित्रांची घरोघर कोंडी व्हायला लागली म्हणून रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टात बसण्याच्या योग्यतेचा माणूस आणि एक कप चहा. मग तीस वर्षांपूर्वी, ज्यांना अशी पदं नव्हती, नाव नव्हतं, त्यांनी दार लावून घेतलं यात नवल ते काय?

पण सभा मोडली म्हणजे संपली असं झालं नाही. तुकाराम तात्या पडवळांनी पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, 'जातिभेद विवेकसार' छापलं. नाव घातलं 'एक हिंदू'. नाव लपवलं, पण आता बोलणं लपवलं नव्हतं. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी काढली. ३१ मार्च १८६७ ला आत्माराम पांडुरंगांच्या घरी प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. त्यात शिरायला पाव खावा लागत नव्हता. त्यांनी ती अट घातली नाही, आणि त्यामुळेच तो टिकला असं मला वाटतं. आणि १८७३ मध्ये फुल्यांचा सत्यशोधक समाज आला, तो तर भर दिवसा.

हे सगळं वाचताना एक प्रश्न माझ्या मनात सारखा येत राहिला आणि त्याचं उत्तर मला कोणत्याही इतिहासात सापडलं नाही. यांच्या बायकांचं काय? फ्रीमेसनांनी तर बाईला दारच नाही असं लिहूनच ठेवलं होतं. परमहंस सभेत जे जमले त्यांतही माझ्या वाचनात आलेली सगळी नावं पुरुषांची. ज्या पावावरून जात जाते त्या पावाचं खरं राज्य स्वयंपाकघरात. चूल कुणाच्या ताब्यात, कुणाचं ताट कुठे, कुणाला वरून पाणी वाढायचं, हे बायका बघत होत्या. वाळीत पडल्यावर विहिरीवर घागर घेऊन ताटकळणार त्याच होत्या. त्यांना न विचारता, न सांगता हे पुरुष ती जोखीम घेऊन घरी येत होते. आत्माराम पांडुरंगांनी पुढे आपल्या मुलीला, अन्नपूर्णाला, विलायतेत शिकवलं. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी तरुण रवींद्रनाथ त्यांच्या घरी राहिले तेव्हा तिनंच त्यांना इंग्रजी बोलण्याची सवय करून दिली. ज्या घरातल्या पुरुषानं एके काळी लपून पावाचा तुकडा गिळला होता, त्याच घरात वीसेक वर्षांत मुलगी बंगाली पाहुण्यासमोर बसून इंग्रजीत बोलत होती. हे अंतर केवढं! पण आत्मारामांच्या पत्नीला त्या तुकड्याबद्दल कधी सांगितलं गेलं का, ते कुठे लिहिलेलं मला मिळालं नाही.

माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. रविवारी सकाळी ते मला हात धरून फिरायला न्यायचे. फिरणं म्हणजे कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाणं. संगमरवरी टेबल, वाकलेल्या पाठीच्या काळ्या खुर्च्या, आणि समोर ब्रून मस्का. आजोबा तो कडक पाव दोन्ही हातांनी मोडायचे. कडकन आवाज यायचा, टेबलभर चुरा उडायचा. मग एक तुकडा चहात बुडवून, तो मऊ पडून तुटायच्या आत नेमका उचलून माझ्या तोंडात. वर लोण्याचे गोल गोल डोळे चहावर तरंगायचे. उरलेला अर्धा ते कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकायचे, दुपारी छापखान्याच्या ओसरीवर मित्रांबरोबर खायला. चाळीच्या जिन्याशी आल्यावर ते थांबायचे, माझं तोंड रुमालानं पुसायचे, आणि खाली वाकून म्हणायचे, "घरी सांगू नकोस हं, बाये."

मी कधी सांगितलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला त्या चार शब्दांनी मोठं केलं होतं. जिना चढताना मी त्यांचं बोट घट्ट धरायची आणि आम्ही दोघं एकाच गोष्टीला बांधलेले आहोत ही जाणीव अंगभर असायची. आज विचार केला तर वाटतं, परमहंस सभेतले लोक आपापल्या घरचे जिने चढताना याच जाणिवेवर तगले असतील. पुढच्या रविवारी तीच माणसं भेटणार आहेत, एवढ्यावर.

आजोबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, मी बँकेत लागले होते तेव्हा, एकदा आजीचं कपाट आवरत होते. खाली त्यांचा तपकिरी कोट घडी घालून ठेवलेला निघाला. मी तो उलगडून बाहीवरून हात फिरवत होते. आजी पलंगावर बसली होती. म्हणाली, "खिसा बघ, आहे का काय."

मी खिशात हात घातला. रिकामा, स्वच्छ.

"नसायचंच," ती म्हणाली. "दर रविवारी रात्री झटकत होते मी तो. चुरा असायचा सगळा पावाचा. मुंग्या लागल्या असत्या."

"तुला माहीत होतं?"

"लोणी लागलेलं असायचं बाय अस्तराला. गरम पाण्यानं पुसायला लागायचं." तिनं कोट माझ्या हातातून घेतला, मांडीवर घेऊन पुन्हा घडी घातली, आणि कॉलर नीट बसेपर्यंत तळहातानं दाबत राहिली.